जोन, ॲलिस आणि तुझं नाव

प्रिय आई,

समोर काउन्सिलचा एक फॉर्म आहे. तुझ्या मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती करायची आहे, त्याचा. पहिला रकाना, काय चुकलं आहे? ते लिहून झालं. दुसरा, बरोबर काय आहे? तेही लिहिलं. तिसऱ्यात विचारलंय, ही चूक कशी झाली ते थोडक्यात लिहा. तीन ओळींची जागा आहे आणि चार दिवस झाले, मी तिथेच अडून बसले आहे. थोडक्यात कसं लिहू गं? म्हणून आधी तुलाच लिहायला घेतलं. तुला सांगून झालं की काउन्सिलला सांगणं सोपं जाईल असं वाटतंय.

आणि बघ, मराठीत लिहितेय! अकराव्या वर्षी सांगली सोडून हाउन्सलोला आले, तेव्हा दर रविवारी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शुद्धलेखन लिहून घ्यायचीस. मी किती कटकट करायचे. ‘इथे कुणाला लिहिणार आहे मी मराठीत?’ असं एकदा फणकाऱ्याने विचारलं, तर पोळी लाटता लाटता तू म्हणालीस, ‘मला लिही.’ पुढे लग्न होऊन मी वॉटफर्डला आले तरी फोनच करत राहिले. हे तुला लिहिलेलं माझं पहिलं पत्र आहे.

तू फेब्रुवारीत गेलीस. नोंद करायला मी आणि रिया गेलो होतो. रिया आदल्याच दिवशी एडिनबराहून आली होती, परीक्षा अर्धवट टाकून. रजिस्ट्रारबाई फार सभ्य होत्या. टाइप करता करता एकेक विचारत होत्या. नाव? सुनंदा. लग्नाआधीचं आडनाव? तेही सांगितलं, स्पेलिंगसकट. मग त्यांनी विचारलं, “एनी अदर नेम शी वॉज एव्हर नोन बाय?”

मी म्हटलं, “नो.”

आई, मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. आठवून बघितलं नाही, रियाकडे बघितलं नाही. कार पार्किंगची वेळ संपत आली होती, त्याचा विचार डोक्यात होता. त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला, मी सगळं नीट वाचलं आणि सही केली.

हे मी केलं! बाकी कुणी केलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण माझा धंदाच मुळी बायकांची हरवलेली नावं शोधण्याचा. अमेरिकेतली माणसं मला लिहितात, आमचा मूळ पुरुष चारशे वर्षांपूर्वी तुमच्या हर्टफर्डशरमधून बोटीत बसून मॅसॅच्युसेट्सला आला, तो कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, त्याच्या आईचं माहेर कुठलं, ते शोधून द्या. मग मी चर्चची जुनी रजिस्टरं उपसते, लग्नं, बाप्तिस्मे, दफनं. तिकडे अशा जुन्या वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या सोसायट्या असतात, त्यांचं सभासद व्हायला प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो. एखाद्या विणकराच्या बायकोचं पहिलं नाव सापडावं म्हणून मी तीन-तीन आठवडे घालवलेत. आणि माझ्या आईचं नाव कुणी विचारलं तर मी पहिल्याच सेकंदाला ‘नो’ म्हणून मोकळी!

लग्नात तुमच्या वेळी नाव बदलायचे हे मला माहीत नव्हतं का? होतं की. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, मग सगळ्यांना पेढे. आपल्या अल्बममध्ये तो फोटो आहे, बाबा ताटावर वाकलेत आणि तू मान खाली घालून बसली आहेस. बाबा काय लिहिताहेत हे मला माहीत होतं. त्याआधी काय होतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. मला तू जन्मापासून आई होतीस, त्याच्या पलीकडे काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

पण तिसऱ्या रकान्याचं खरं उत्तर याच्याही मागे जातं. ते सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते.

बाबा गेल्यावर तू हाउन्सलोचं घर सोडून आमच्याकडे आलीस. बावीस वर्षं एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे लावलेली बाई तू, तुला रिकामं बसवेना. एके दिवशी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणालीस, “हा ‘विल्यम’ आहे ना?” मी उडाले! ते जुनं वळणदार लिखाण मला शिकायला दोन वर्षं लागली होती. तू म्हणालीस, “अगं, आमचे दादा मोडी वाचायचे कचेरीत. मी शेजारी बसायचे. अक्षर बघायचं नाही, अख्खा शब्द बघायचा.” एकावर एक दोन चष्मे लावून तू बसायला लागलीस. मी चर्चच्या रजिस्टरांचे फोटो द्यायचे, तू वहीत उतरवून द्यायचीस, नावं इंग्रजीत आणि तुझे शेरे मराठीत. ‘बिचारीची तीन मुलं एका महिन्यात गेली.’ ‘हा भटजी फार घाणेरडं लिहितो.’ पाद्र्याला तू शेवटपर्यंत भटजीच म्हणालीस.

मग कॅरलचं काम आलं. आठवतंय? कनेटिकटची, निवृत्त शाळामास्तरीण, फार गोड बोलायची. तिचा पूर्वज टॉमस नावाच्या विणकराचा मुलगा. रजिस्टरात टॉमसचं लग्न सापडलं, बायकोचं नाव जोन. दोन वर्षांनी मुलाचा बाप्तिस्मा सापडला, तिथे लिहिलं होतं, टॉमस आणि ॲलिसचा मुलगा. तू वहीत लिहिलंस, ‘जोन (लग्नानंतर ॲलिस)’.

मी ते वाचलं आणि अहवालात लिहिलं, ‘जोन उर्फ ॲलिस’. त्या रजिस्टरांत कधी कधी एका माणसाची दोन नावं लिहिलेली असतात, तसंच असेल म्हटलं. मूळ फोटो उघडून बघितला नाही. मधल्या दोन वर्षांची दफनाची पानं तपासली नाहीत. आमच्या कामातला हा पहिला धडा आहे, माणूस सापडला की तो मधेच मेला नाही ना ते आधी बघायचं. इतरांना मी तो शिकवते. पण तीन कामं अंगावर होती, आणि तू वाचलंयस म्हणजे बरोबरच असणार, असं मी धरून चालले. वर जोनच्या माहेरचा शोध घेऊन दोन पिढ्या आणखी मागे गेले. कॅरल खूश! ती नातवंडांना घेऊन इंग्लंडला आली. आपण दोघी तिच्याबरोबर त्या खेड्यात गेलो, तू डब्यात भाजणीची थालीपिठं घेतली होतीस. चर्चच्या आवारात उभं राहून कॅरलने ‘आजी जोन’ला उद्देशून लिहून आणलेलं वाचून दाखवलं. डोळे पुसले तिने. तूही पुसलेस.

पाच महिन्यांनी तिचा अर्ज सोसायटीने परत पाठवला. सोबत दफनाच्या पानाचा फोटो. टॉमसची बायको जोन, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या अकरा महिने आधी पुरलेली. ॲलिस दुसरी बायको. म्हणजे कॅरल ज्या आजीसाठी रडली, ती तिची कुणीच नव्हती.

मी तडक तुझ्या खोलीत आले.

“आई, हे ‘उर्फ’ कुठे दिसलं तुला रजिस्टरात?”

“उर्फ कुठे लिहिलंय मी? मी लिहिलंय, लग्नानंतर ॲलिस.”

“पण तसं तिथे लिहिलंय का?”

“नाही. आधी जोन होती, मग ॲलिस झाली. म्हणजे सासरी नाव बदललं असेल ना तिचं.”

“इथे नाही बदलत, आई! आडनाव बदलतं. नाव तेच राहतं. चाळीस वर्षं झाली तुला या देशात!”

“आताच्या नाही बदलत, ते मला माहितीये. एअरपोर्टला लिंडाचं लग्न झालं तरी ती लिंडाच होती. पण म्हटलं, चारशे वर्षांपूर्वी बदलत असतील. आपल्याकडेही आताच्या मुली नाही बदलत.”

आज वाटतं, किती सरळ विचार होता तुझा! त्या दिवशी मी तो ऐकूनही घेतला नाही. मी म्हटलं, “तुला जे कळत नाही त्यात डोकं घालू नकोस ना. जे दिसतं तेवढंच लिही.” तू दोन्ही चष्मे काढलेस, वही मिटलीस आणि म्हणालीस, “तिला काय सांगणारेस आता?” मी दार ओढून माझ्या खोलीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोळ्या करत असताना तुझ्या टेबलावरचा, फोटो बघायला दिलेला लॅपटॉप उचलून माझ्या खोलीत नेला. त्यानंतर तुला एकही रजिस्टर वाचायला दिलं नाही.

कॅरलला काय सांगितलं, ते तुला आज सांगते. मी लिहिलं, आमच्या एका वयस्क साहाय्यिकेला इंग्लिश नामकरणाची पद्धत ठाऊक नसल्यामुळे ही चूक झाली. इतकंच. मी फोटो उघडला नाही, मी दफनं तपासली नाहीत, यातलं एक अक्षर नाही. ‘माझी आई’ असंही लिहिलं नाही. कॅरल तुझ्या हातची थालीपिठं खाऊन गेली होती, तिला लगेच कळलं असणार साहाय्यिका कोण ते.

आणि इतकं पुरे नव्हतं म्हणून की काय, त्या ऑक्टोबरमध्ये वॉटफर्डच्या हॉलमध्ये आमच्या वंशावळवाल्या मंडळींसमोर माझं भाषण होतं, संशोधनातल्या चुकांवर. तू चहाच्या टेबलामागे उभी होतीस. दोन डबे चिवडा केला होतास सगळ्यांसाठी. भाषण जरा मिळमिळीत चाललंय असं वाटलं, आणि मी तुझी गोष्ट सांगितली. तांदळाचं ताट, अंगठी, जोनची ॲलिस होणं, सगळं रंगवून. हॉल खदखदून हसला! मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, “अँड शी मेक्स द टी टुडे, सो बी नाइस टू हर.” लोकांनी वळून बघितलं. तूही हसलीस. जरा उशिराने हसलीस, ते मी बघितलं होतं. बघूनही पुढच्या स्लाइडवर गेले.

परत येताना गाडीत तू चिवड्याचे रिकामे डबे मांडीवर धरून बसली होतीस. मला वाटलं, रागावलीस. विषय काढायचं टाळून मी हीटर कमी-जास्त करत बसले. मग तू आपणहून बोललीस.

“ती जोन वर्षभरात गेली, नाही का गं?”

“हो.”

“मूल नाही, बाळ नाही. पण मेल्यावरसुद्धा तिचं नाव तेच लिहिलं भटजीने. बरं वाटलं मला. आमची तर जिवंतपणीच जातात.”

मी म्हटलं, “हं.” आई, त्या वाक्यावर मी ‘हं’ म्हटलं! एखाद्या अमेरिकन बाईने असं काही लिहिलं असतं ना, तर मी वही काढून विचारलं असतं, म्हणजे काय, जरा सविस्तर सांगाल का? तुझ्या बाबतीत मात्र सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या खोलीच्या दारात उभी राहिलीस. “तो फॉर्म दे ना एक, अमेरिकनांना देतेस तो.”

“कशाला गं?”

“असाच. बघते भरून.”

मला वाटलं, बरं झालं, वेळ जाईल हिचा. नवं गिऱ्हाईक आलं की भरून घेते तो वंशावळीचा फॉर्म काढून दिला. चार दिवसांनी तू तो नीट घडी घालून, पाकिटात घालून आणून दिलास. मी फोनवर होते, हातानेच खूण केली, ट्रेमध्ये ठेव म्हणून. माझ्या टेबलावर तो ट्रे आहे ना, ‘पेंडिंग’ चिकटवलेला. तू पाकीट त्यात ठेवलंस. सगळ्यात खाली ठेवलंस, रांगेचा नियम मोडायला नको म्हणून!

नोव्हेंबरात एकदा विचारलंस, “माझं काम कुठवर आलं?”

मी म्हटलं, “रांगेत आहे गं. अमेरिकेची एक डेडलाइन आहे.”

“हो हो, त्यांचं आधी कर. चारशे वर्षं थांबलेत बिचारे.”

मी हसले होते त्यावर.

डिसेंबरात मी पुण्याला गेले, दिराच्या मुलाच्या लग्नाला. तुला यायचं होतं, पण आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कशी नेणार? निघताना तू म्हणालीस, “जमलं तर सांगलीला मावशीकडे जाऊन ये. तिच्यापाशी जरा बस.” तुझी मावशी म्हणजे माझी मावशीआजी, नव्वदी ओलांडलेली. “बघते,” म्हटलं मी. पुण्याहून सांगली काही चंद्रावर नाही. दहा दिवस होते हातात. लग्न चार दिवसांत आटपलं. मग साड्या झाल्या, ब्लाउज शिवून घेणं झालं, सगळ्या जावांनी मिळून महाबळेश्वरला दोन दिवस काढले. परत आल्यावर मी बॅग उघडायच्या आधीच तू विचारलंस, “मावशी भेटली?” मी म्हटलं, “अगं नाही जमलं, इतकी धावपळ होती.” मी तुझ्यासाठी मऊ शाल आणली होती, ती तुझ्या अंगावर टाकली. “छान आहे हो,” म्हणालीस. जानेवारीत आणखी एकदा विचारलंस, काम कुठवर आलं म्हणून. पुन्हा रांग. मार्चमध्ये सांगलीहून फोन आला, मावशीआजी गेली. तू फोन ठेवून खिडकीशी बसलीस. “संपलं,” म्हणालीस. मला वाटलं, मावशीसाठी म्हणतेस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा करून आणला.

त्यानंतर तू अकरा महिने होतीस. पण कामाचं परत कधी विचारलं नाहीस.

यंदा एप्रिलमध्ये कॅरलचा निरोप आला, आता ॲलिसचं माहेर शोधायचंय. तिची फाइल काढायला मी ट्रे रिकामा केला. सगळ्यात खाली तुझं पाकीट. वर तुझ्या गोल अक्षरात माझं नाव, ‘यांस’ सकट. मी ते उभ्याउभ्याच फोडलं.

फॉर्मची पहिली सूचना, स्वतःपासून सुरुवात करा. तू लिहिलं होतंस, नाव: द्वारका. लग्नानंतर: सुनंदा. पुढे, पुरावा जोडावा. तू शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली होतीस. सातवी पास, वर्तणूक चांगली. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एकाही अमेरिकनाने पहिल्या फेरीत इतका चोख फॉर्म भरलेला नाही गं.

द्वारका! मी मोठ्याने म्हणून बघितलं. घरात कुणी नव्हतं. माझ्या आईचं नाव मी पहिल्यांदा उच्चारत होते आणि ऐकायला तू नव्हतीस.

पुढे तुझे वडील, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं, सगळं भरलेलं. आणि मग आई. नाव: लक्ष्मीबाई. लग्नाआधीचं नाव: इथे तू लिहिलं होतंस, ‘माहीत नाही. विचारायचं राहिलं.’

खाली प्रश्न, आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे? ‘माझ्या आईचं माहेरचं नाव.’

माहिती कुणाकडे मिळू शकेल? ‘माझी मावशी, सांगली. आता एवढी एकच राहिली. फोनवर तिला ऐकू येत नाही. कानाशी बसून विचारावं लागेल.’

आई, मी फॉर्म पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कॅरलची फाइल पायाशी पसरली होती.

का नाही स्पष्ट बोललीस गं? ‘मावशीपाशी बस’ म्हणालीस, ‘मावशीला हे विचार’ का नाही म्हणालीस? एकदा ओरडली असतीस माझ्यावर! माझी चूक नव्हती असं नाही म्हणत मी, पण तुझाही जरा राग येतो. पुन्हा वाटतं, तू तरी कशी सांगणार? मी हॉलभर लोकांना जे सांगून हसवलं, तेच तुझं दुखणं होतं. ते मला तोंडाने सांगायचा धीर तुला उरला नसेल. म्हणून तू माझी गिऱ्हाईक होऊन आलीस. परक्यांना मी किती आदराने वागवते, ते तू रोज बघत होतीस. तोच आदर तुला हवा होता. मी तोही दिला नाही.

आणि तुझ्या आईला विचारायचं तुझंही राहिलंच होतं. ते वाचून मला हायसं वाटलं पाहिजे का? वाटलं नाही. तुझ्या वेळी तुझ्यासाठी विचारणारं कुणी नव्हतं. मला मात्र तू मार्ग आखून दिला होतास, पत्त्यासकट.

मी कॅरलला सगळं खरं लिहिलं. फोटो मी उघडला नव्हता, साहाय्यिका माझी आई होती, तिचं नाव द्वारका. कॅरलचं उत्तर लगेच आलं. तिने लिहिलंय, जोनला तिने वंशावळीतून काढलंच नव्हतं. टॉमसच्या शेजारी ठेवलंय, पहिली बायको म्हणून. ‘तिला दुसरं कुणी नव्हतं,’ इतकंच लिहिलंय. तुला हे आवडलं असतं.

रियाला फोनवर सांगितलं. तुझी नात तुला माहीतच आहे, तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. “मॉम, वेट. आजीचा नाव बदलला? तिला कुणी विचारला पण नाही?” नाही म्हटलं. मग म्हणाली, “अँड यू डिडन्ट नो?” तिने आवाज चढवला नव्हता. मला त्यापेक्षा आवाज चढवलेला चालला असता.

आता काय काय करणार ते सांगते. हा फॉर्म आज जाईल. तिसऱ्या रकान्यात लिहीन, मुलीने आईला कधी विचारलं नव्हतं. आणखी कारण हवं असेल तर काउन्सिलने मला बोलवावं. वॉटफर्डच्या मंडळींनी पुन्हा भाषणाला बोलावलंय, तोच मजेदार किस्सा सांगा म्हणताहेत. सांगणार आहे. या वेळी पूर्ण सांगीन, चूक कुणाची होती तेही, आणि हसायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

ऑक्टोबरमध्ये मी आणि रिया सांगलीला जातोय, तिथून तुझ्या आईच्या माहेरच्या गावी. तुझी आई शाळेत गेली नव्हती, म्हणजे दाखला नाही. तिच्या जन्माची नोंद कुणी केली असेल, याची आशा नाही. तिला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी जिवंत नसेल. तरी दारोदार जाईन. म्हाताऱ्या बायका जिथे भेटतील तिथे त्यांच्या कानाशी बसेन. एखादीला आठवत असेल, आमच्या आजीची एक मैत्रीण होती, लग्न होऊन गेली, तिचं नाव अमुक. किंवा कुणालाच आठवणार नाही. नाव सापडेल असं वचन मी गिऱ्हाइकांना कधी देत नाही, तुलाही देत नाही.

आमच्या कामात एक रीत आहे, तुला मी कधी सांगितली नव्हती. शोध संपला, पुढे काही मिळणार नाही असं ठरलं, की त्या रकान्यात आडवी रेघ मारायची. मग ते पान बंद. तुझ्या नावाची नवी फाइल मी आज उघडली. गिऱ्हाईक, द्वारका. तिच्या आईच्या नावाचा रकाना रिकामा आहे, आणि मी असेपर्यंत त्यात रेघ मारली जाणार नाही.

तुझी,
मंजिरी